निळ्या अंगठ्याचा हात

"ताई, चार वाजता माझे दात पाडनार हायेत."

फोनवरचा आवाज दबका होता, पण शब्द स्पष्ट होते. सत्यशीलाच्या हातातली टॉर्च समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यावर तशीच राहिली.

"कोण बोलतंय?"

"आरती. वडसावरीची, नागाबाईची सून. शिबिराला आला होता तवा तुमी नंबर दिला होता. मला न्हाणीत कोंडलंय, फोन लपवून आनला. आत्याला, माझ्या सासूला, भानामती झाली म्हनतात, आन् ती मी केली म्हनतात. चारला भगत येनार हाय."

फोन बंद झाला. घड्याळात साडेअकरा झाले होते.

सत्यशीला भोकरच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासायची. अठरा वर्षांत तिनं हजारो डोळ्यांत डोकावून पाहिलं होतं आणि ती सहसा घाबरत नसे. पण दात हा शब्द ऐकून ती घाबरली. हिमायतनगरकडं तिची राजकन्या मावशी होती. भानामती करते म्हणून लोकांनी एका दुपारी तिचे पुढचे दात पाडले. दात गेले की मंत्र म्हणता येत नाही, असा त्या शहाण्यांचा हिशेब. आठ वर्षांची सत्यशीला दाराआड उभी होती. मावशी पुढं तीस वर्षं जगली, पण तोंडावर पदर घेतल्याशिवाय कधी हसली नाही.

तिनं पोलीस ठाण्यात हवालदार महामायाला फोन लावला.

"गाडी बंदोबस्ताला गेली हाय, ताई. आली की निघते, पन चार तर वाजतीलच. तोवर कोनाला हात लावू देऊ नका."

"मी एकटी?"

"जादूटोण्याचा कायदा हाय म्हणून सांगा. भितात लोक."

लोक भितील तेव्हा भितील, मी तर आत्ताच भितेय, असं तोंडावर आलेलं सत्यशीलानं गिळलं आणि स्कूटीला किक मारली.

नागाबाईचं घर नवं, स्लॅबचं होतं. ओट्यावर नागाबाईचा दीर साहेबराव मांडी घालून बसला होता. भोवती सात-आठ माणसं. मधोमध वर्तमानपत्रावर एक पक्कड ठेवलेली होती. नवी कोरी. कुणीतरी तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

सत्यशीला पक्कडीकडं न बघता आत गेली.

समोरच्या खोलीत, मागच्या भिंतीला लागून नागाबाईची खाट होती. नागाबाई भिंतीला टेकून बसली की रस्त्याचं दार तिच्या डाव्या हाताला यायचं आणि स्वयंपाकघराचं उजव्या. बाई त्रेसष्ट वर्षांची, ताठ. मागच्या महिन्यात तिला लकव्याचा हलका झटका आला, नांदेडच्या दवाखान्यात आठ दिवस काढून ती चालत घरी आली, एवढं सत्यशीलाला वाटेत कळलं होतं. डावा हात जरा लुळा. बाकी सगळं ठीक, असं गावाचं म्हणणं.

"नागाबाई, ओळखलं का?" सत्यशीलानं दारातूनच विचारलं.

नागाबाईनं मान वळवली ती भलतीकडं. रिकाम्या स्वयंपाकघराकडं डोळे फाडून ती म्हणाली, "कोन बोलतंय? का दिसंना?"

सत्यशीला तीन पावलांवर उभी होती. मागं दारात जमलेल्या बायांपैकी एक पटकन मागं सरली. "बगा," ती पुटपुटली, "समोरचं मानूस दिसंना. नजर बांधलीय म्हातारीची."

झटक्याच्या आधी, शिबिरात, या डोळ्यांची तपासणी सत्यशीलानंच केली होती. मोतीबिंदूची नुसती सुरुवात होती. बाई सुईत दोरा ओवत होती.

नागाबाईचे उजवीकडचे केस तेल लावून चापूनचोपून विंचरलेले होते. डावीकडचे तसेच विस्कटलेले. पुढ्यातल्या ताटातली भाकर बरोबर मधोमध संपली होती. उजवी अर्धी खाल्लेली, डावी अर्धी जशीच्या तशी.

"मला उपाशी मारून राहिली माजी सून," नागाबाई तक्रार करत होती. "रोज अर्धीच भाकर वाढते."

खाटेच्या डाव्या अंगाला, अगदी लागून, खुर्चीवर तिचा मुलगा, आरतीचा नवरा आदिनाथ बसला होता. पस्तिशीचा, मवाळ चेहऱ्याचा, कापसाच्या जिनिंग मिलमध्ये सुपरवायझर. हातात चहाचा गार झालेला ग्लास. तो उठला, खाटेच्या पायथ्याकडून वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि वाकून म्हणाला, "माय, डोळ्याच्या मॅडम आल्यात."

नागाबाईचा चेहरा उजळला. "आलास व्हय? सकाळधरनं कुठं होतास रे? नुसता आवाज येतो तुजा."

आदिनाथनं मान खाली घातली. सत्यशीला त्याच बाजूला जाऊन बसली. आता नागाबाईनं तिला लगेच ओळखलं, चहा विचारला, आणि मग हळू आवाजात बोलायला लागली.

"माय, माज्या अंथरुनात हात हाय."

"कोणाचा?"

"मेल्याचा. बुधवारी सकाळी ह्या पोरानं मला त्या कुशीवर वळवलं. तर तोंडापुढं हात पडलेला. गार. अंगठा निळा. मी वरडले. ढकलला तरी जाईना."

"तुमचाच हात असेल."

"माजा हात मला ठाऊक न्हाई व्हय? माजा अंगठा निळा कशाला असंल?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी सत्यशीलाला सुद्धा अंथरुणाकडं बघवेना. पण बघायचं तिचं कामच होतं. तिनं चादर बाजूला केली. डावा हात मांडीशेजारी पडलेला होता, नागाबाईचाच, मनगटावर गोंदण असलेला. अंगठा धुतलेला वाटत होता. नखाच्या कोपऱ्यात मात्र निळी रेघ राहिली होती.

ती शाई होती.

"दवाखान्यात सोबत कोण होतं?" तिनं आदिनाथला विचारलं.

"मीच. आठी दिवस."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दगदग करू नका म्हनले. बाकी काई न्हाई."

"डिस्चार्जचा कागद?"

"हरवला, मॅडम. औषधाची चिठ्ठी तेवढी राहिली."

"या आठवड्यात घरी किती वेळ असता?"

"आज तेवढी रजा टाकली. सीझन हाय ना जिनिंगचा. रोज सात ते सहा ड्यूटी. दुपारी हलता येत न्हाई."

सत्यशीला मागच्या अंगणात गेली. न्हाणीच्या दाराला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप होतं. फटीतून आरतीचा एक डोळा दिसला, रडून सुजलेला.

"आरती, आत्याच्या अंगठ्याला शाई कधी लागली?"

"मंगळवारी. बारा ते दोन मी रानात होते, कापूस वेचनाऱ्या बायांचा डबा घेऊन. आले तर अंगठा निळा. साबन लावून धुतला, पुरता निघाला न्हाई. वाटलं, कुठं लागली असंल."

"कोणाला सांगितलंस?"

"कोनालाच न्हाई. दुसऱ्या दिवशी आत्या निळा अंगठा म्हनून वरडल्या. मी तोंड उघडलं असतं तर म्हनले असते, तुला कसं ठाऊक? तसंच म्हनतात, ही बिलोलीची, सरहद्दीवरची, तेलंगणाची विद्या हिला येते. माझ्या आईचं नाव रत्नम्मा हाय, ते सुद्धा काढतात. ताई, किती वाजले?"

"दीड."

"जाऊ नका हं."

"नाही जाणार," सत्यशीला म्हणाली. तिचे स्वतःचे दात एकमेकांवर वाजत होते.

ओट्यावर येऊन ती साहेबरावसमोर बसली. हा माणूस तिला पहिल्यापासून खटकत होता. भगताला यानंच बोलावलं होतं. शिवाय नागाबाईच्या रस्त्याकडच्या चार एकरांसाठी पेट्रोल पंपवाले खेटे घालत होते, आणि नागाबाई माझ्या जिवंतपणी विकणार नाही म्हणून अडून बसली होती, ही गोष्टही तिला ओट्यावरच ऐकायला मिळाली.

"मंगळवारी बारा ते दोन तुम्ही कुठं होता?"

"हितंच. रोज हितंच असतो."

"घरात कोण गेलं?"

"कोनी न्हाई."

"नीट आठवा."

"अवो, परकं चिटपाखरू सुद्धा फिरकलं न्हाई! म्हनून तर म्हनतो भानामती. वयनी बी तेच सांगती. जागी होती ती, दाराकडं तोंड करून. कोनी आलं न्हाई म्हनती."

"कोणत्या दाराकडं?"

"आता दार ते दार," साहेबराव वैतागला. "तुमी डोळे तपासा, ताई. ह्यात पडू नका. चार वाजता सगळं निघंल बाहेर."

सत्यशीला पुन्हा नागाबाईजवळ गेली. समोर बसून दोन्ही हात पसरले आणि उजवं बोट हलवलं, डावं हलवलं, मग दोन्ही एकदम. एकच बोट हललं की नागाबाईला ते दिसायचं, डावीकडचं सुद्धा, जरा उशिरा. दोन्ही एकदम हलली की डावीकडचं तिच्या लेखी नसायचंच. म्हणजे डोळा धड होता. आंधळेपणा नव्हता हा.

मग तिनं स्वयंपाकघरातून परात आणली, तिच्यात तूर पसरली आणि अंगणातले पांढरे खडे मूठभर मिसळले.

"एवढं निवडून द्या."

बाईचा उजवा हात सराईतपणे चालायला लागला. टपाटप खडे बाहेर. परातीच्या मध्यावर आली आणि थांबली. डाव्या अर्ध्यात दहा-बारा खडे लख्ख दिसत होते.

"झालं. एक खडा राहिला न्हाई."

सत्यशीलानं परात गोल फिरवली.

"अगं बया!" नागाबाईनं हात मागं ओढला. "हे कुठून आले?"

सत्यशीलाची भानामतीची भीती संपली होती, पण आता दुसरीच, जास्त खरी भीती मनात शिरली. मंगळवारी दुपारी कोणीतरी या बाईच्या डाव्या अंगाला निवांत बसलं होतं. तिचा अंगठा उचलला, शाईत बुडवला, कागदावर टेकवला. तिला पत्ता लागणार नाही, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. आणि तोच माणूस आता आरतीचे दात पाडताना बघत उभा राहणार होता.

पावणेचारला हलगी वाजायला लागली.

भगत आला. सोबत पन्नास-साठ माणसं. खोली भरली, ओटा भरला. दोघांनी आरतीला दंडाला धरून आणलं आणि खाटेसमोर बसवलं. तिचे केस मोकळे सोडले होते. साहेबरावच्या हातात पक्कड होती. आदिनाथ भिंतीला टेकून जमिनीकडं बघत होता.

"थांबा!" सत्यशीला ओरडली. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "पोलीस निघालेत. जादूटोण्याच्या कायद्यात सगळे आत जाल. त्याआधी दोन मिनिटं द्या. भानामती मी आत्ता, इथं, तुमच्यासमोर काढून दाखवते."

काढून दाखवते म्हटल्यावर मात्र सगळे थांबले. तमाशा कोणाला नको असतो?

तिनं भगताच्या हातातलं लिंबू घेतलं आणि नागाबाईच्या डावीकडं, न हलवता धरलं. "नागाबाई, काय दिसतं?"

"काई न्हाई."

तेच लिंबू उजवीकडं नेलं.

"लिंबू की."

"आता ताट बघा." दुपारचं ताट तिथंच होतं. सत्यशीलानं ते फिरवलं. राहिलेली अर्धी भाकर उजवीकडं आली. नागाबाईनं ती लगेच उचलली आणि तोडायला लागली. "आत्ता वाढली," ती म्हणाली.

हलगी थांबली.

"डोळा नुसतं आणून देतो," सत्यशीला सांगू लागली. "बघतो तो मेंदू. आणि मेंदू सगळं बघत नाही, जिकडं लक्ष जाईल तेवढंच बघतो. झटक्यानं नागाबाईच्या मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला, तिथून डावीकडचं लक्ष चालतं. म्हणून त्यांच्यासाठी डावी बाजूच उरली नाही. तिथं अंधार दिसला असता तर त्या बोलल्या असत्या. पण जे नाहीच, ते हरवलं असं वाटत नाही. अर्धी भाकर, अर्धे केस, सगळं त्यातलं. तो मेलेला हात त्यांचा स्वतःचा आहे. आपला म्हणून ओळखत नाहीत, एवढंच."

"आन् निळा अंगठा?" साहेबराव म्हणाला. पक्कड अजून त्याच्या हातात होती.

"ती शिक्क्याची शाई. शिबिरात पाहिलं मी, नागाबाईंना सही येत नाही, त्या अंगठा उठवतात. डावा. मंगळवारी दुपारी कोणीतरी तो कागदावर उठवून घेतला."

माणसांत कुजबुज उठली. सगळ्यांच्या नजरा साहेबरावकडं वळल्या.

"मला बी आधी यांचाच संशय आला," सत्यशीला म्हणाली. भीतीत तिची दवाखान्यातली भाषा सुटली होती. "पण काका, नागाबाई 'दिसंना' म्हणतात, तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी? दारातनंच हाका मारतो. मग पळतो." कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"सगळं गाव तेच करतं, कारण कोणाला कारण माहीत नाही. आज फक्त एक माणूस न घाबरता खाटेला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला आला. आपण कुठं दिसतो आणि कुठं नाही, हे त्याला ठाऊक होतं. काका, मंगळवारी परकं कोणी आलं नाही म्हणालात. घरचं कोण आलं होतं?"

"घरचं मानूस कोन मोजतं?" साहेबराव म्हणाला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आदिनाथ आला होता. साडेबाराला. डबा इसरला म्हनून. माज्याशी बोलला बी."

"सात ते सहा ड्यूटीवरून दुपारी हलता येत नाही, असं मला सांगितलं त्यानं. तुमचा मेंदू चांगला आहे, काका, तरी तुम्हालाही तो दिसला नाही. रोजच्या माणसाकडं लक्ष जात नाही." सत्यशीला भिंतीकडं वळली. "दवाखान्यात आठ दिवस तुम्हीच होता. तिथल्या डॉक्टरांनी हे नक्की सांगितलं असणार, उजव्या बाजूला बसून बोला म्हणून. कागद हरवला नाही. तुम्ही तो लपवला. कारण तो वाचला असता तर भानामती पहिल्याच दिवशी संपली असती, आणि मग कोणीतरी अंगठ्याबद्दल विचारलं असतं."

बाहेर जीप थांबली. महामाया गर्दीतून वाट काढत आत आली. तिनं आधी साहेबरावच्या हातातली पक्कड काढून घेतली, मग सत्यशीलाकडून काय झालं ते ऐकून आदिनाथकडं ओट्याखाली उभ्या मोटरसायकलची चावी मागितली. त्यानं मुकाट्यानं दिली. डिक्कीत रुमालात गुंडाळलेला स्टॅम्प पेपर होता. रस्त्याकडच्या चार एकरांचं मुखत्यारपत्र, खाली निळा ठसा. त्याच घडीत दवाखान्याचा कागदही होता.

आदिनाथ खाली बसला. "भानामतीची आवई मी न्हाई उठवली," तो म्हणाला. "देवाशपथ. लोकच म्हनायला लागले. मी नुसता गप्प राहिलो."

"कोन रडतंय?" नागाबाईनं उजवीकडं बघत विचारलं. "आदिनाथ कुठं हाय? आन् माजा अंगठा घेतला कोनी?"

पोटच्या पोराचं नाव एखाद्या आईला कसं सांगायचं, हे कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत.

आरती उठली. धरणारे हात केव्हाच सुटले होते. तिनं केस मागं बांधले, खाटेजवळ गेली, आणि सासूच्या हनुवटीला धरून तिचा चेहरा सावकाश डावीकडं वळवला. आदिनाथ तिथंच बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. नागाबाईनं त्याला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं डोळे मिटून घेतले.

आदिनाथनं मान वर केली. आईकडं नाही, बायकोकडं बघितलं.

"आरती, तुला काई होऊ दिलं नसतं मी. थांबवनारच होतो त्यांना."

आरतीनं पक्कडीकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"कवा?" तिनं विचारलं.

महामायानं आदिनाथला उठवलं आणि बाहेर नेलं. आरती तिथंच उभी राहिली आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत दाराकडं बघत होती.